तीन फॉर्म, तीन आकडे: मुलीबद्दल खरं कोण सांगतंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तेरा वर्षांच्या मुलीच्या शाळेत भावनिक आणि वर्तनविषयक अडचणींचं स्क्रीनिंग झालं. एकच प्रश्नावली तिघींनी भरली: तुम्ही, वर्गशिक्षिकेने आणि मुलीने स्वतः. एकूण गुण आले तुमच्या फॉर्मवर 11, बाईंच्या फॉर्मवर 17 आणि मुलीच्या स्वतःच्या फॉर्मवर 18. शाळेच्या कागदावर शेरा आहे, ‘चंचलता व अवधान: जास्त. पुढील तपासणी आवश्यक’. तिचे बाबा म्हणतात, या वयात सगळीच मुलं अशी वागतात, कागद ठेवून दे. आणि तुम्ही विचारताय की तिघींपैकी बरोबर कोण, तज्ज्ञाकडे न्यायचं की थांबायचं, आणि नेलं तर मुलीवर कायमचा शिक्का बसेल का.

मी मुलांच्या मानसिक आरोग्याच्या कामात बरीच वर्षं आहे आणि हातात असा कागद घेऊन, चेहरा उतरलेले पालक माझ्याकडे नेहमी येतात. मुलीला न भेटता तिला काय झालंय किंवा काही झालंय का, हे मी सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही ऐकू नका. पण हे तीन कागद वाचायचे कसे, ते नक्की सांगता येईल. तुम्ही पोटगटांचे आकडेही दिलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

पहिलं उत्तर लगेच देते: तिघीही बरोबर असू शकतात. आणि शाळेने ज्या आकड्यापाशी बोट ठेवलंय, त्यापेक्षा मला दुसराच एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतोय. तो कुठला, ते पुढे येईलच.

प्रश्नांची संख्या आणि गुणांची रचना पाहता ही एसडीक्यू नावाची प्रश्नावली आहे. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञाने ती 1997 साली प्रसिद्ध केली आणि आज जगभर ती वापरली जाते. मागच्या सहा महिन्यांबद्दलची 25 विधानं, पाच-पाचचे पाच गट: भावनिक त्रास, वागणुकीतल्या अडचणी, चंचलता व अवधान, सवंगड्यांशी संबंध, आणि पाचवा गट चांगल्या गुणांचा, म्हणजे मदत करणं, वाटून घेणं वगैरे. पहिल्या चार गटांची बेरीज म्हणजे तुमच्या कागदावरचा एकूण आकडा, जास्तीत जास्त 40. पाचवा गट या बेरजेत धरत नाहीत.

आता गंमत अशी की 17 आणि 18 हे शेजारचे आकडे असले तरी त्यांचा अर्थ एक नाही, कारण कोणी फॉर्म भरला त्यानुसार सीमारेषा बदलतात. मूळ वर्गीकरणात पालकांच्या फॉर्मवर 17 पासून पुढे ‘जास्त’ धरतात, शिक्षकांच्या फॉर्मवर 16 पासून, आणि मुलांनी स्वतः भरलेल्या फॉर्मवर 20 पासून. म्हणजे बाईंचे 17 हे ‘जास्त’ या पट्ट्यात पडतात, मुलीचे 18 हे सीमेवरच्या पट्ट्यात (तो 16 ते 19 असा आहे), आणि तुमचे 11 सर्वसाधारण पट्ट्यात. या रेषा आखल्या गेल्या त्याच मुळी अशा की समाजातल्या साधारण दहा टक्के मुलांचे गुण ‘जास्त’ मध्ये पडावेत आणि आणखी दहा टक्के सीमेवर. शिवाय त्या आखल्या गेल्या ब्रिटनमधल्या मुलांच्या गुणांवरून. त्या रेषेच्या अलीकडे निरोगी आणि पलीकडे आजारी, असं निसर्गात काही नसतं. 15 आणि 16 यांतला फरक एखाद्या प्रश्नाला ‘थोडंफार खरं’ ऐवजी ‘अगदी खरं’ असं उत्तर दिलं, एवढाच असू शकतो.

याच्या जोडीला एक साधा हिशोब करून पाहा. समजा 1,000 मुलांचं स्क्रीनिंग केलं आणि त्यातल्या 100 मुलांना खरोखर मदतीची गरज आहे. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे असं धरू: गरज असलेल्या शंभरातली 80 मुलं ती पकडते आणि गरज नसलेल्यांपैकी 85 टक्के मुलांना बरोबर सोडून देते. मग उरलेल्या 900 पैकी 135 मुलं विनाकारण यादीत येतात. ‘पुढील तपासणी आवश्यक’ असा शेरा एकूण 215 मुलांना मिळतो आणि त्यातल्या फक्त 80 जणांना खरी अडचण असते. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण प्रत्यक्षातलं चित्र याच धाटणीचं असतं. शेरा मिळालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं तपासणीनंतर ठीक निघाली तर चाचणी फसली असं होत नाही. ती इतकंच करू शकते. आणि उलट बाजूने, 20 मुलं तिच्या हातून सुटली आहेत. ज्यांना ‘सर्व ठीक’ असा कागद मिळाला त्या पालकांनी तो अंतिम मानू नये. सुटणाऱ्यांत बऱ्याचदा शांत, शहाणी, कुणालाही त्रास न देणारी मुलं असतात, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते.

मग एवढ्या कच्च्या साधनाने शाळा चाचण्या घेतात तरी कशाला? कारण मुलं स्वतःहून सांगत नाहीत. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, आणि 10 ते 19 या वयोगटात साधारण सातांतल्या एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांबाबतच्या तज्ज्ञगटाने 2022 मध्ये 8 ते 18 वयात चिंताविकारासाठी आणि 12 ते 18 वयात नैराश्यासाठी स्क्रीनिंगची शिफारस केली ती याच कारणाने. मात्र स्क्रीनिंगचा एक जुना नियम आहे, 1968 मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या तत्त्वांमधला: शोध घ्यायचा तर सापडल्यावर निदानाची आणि उपचाराची सोय असली पाहिजे. नुसता शेरा मारून कागद घरी पाठवायचा आणि पुढे काय ते पालकांनी बघावं, हे मला पटत नाही. शाळेला विचारा की पुढची पायरी काय ठरवली आहे. समुपदेशक स्वतः मुलीशी बोलणार आहेत का? नसतील तर का नाही?

आता तुमचा मूळ प्रश्न, तिघींत एवढा फरक का. यावर 1987 साली आखेनबाख या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 119 अभ्यास एकत्र करून पाहिले होते. पूर्ण मेळ म्हणजे 1 आणि काहीच मेळ नाही म्हणजे 0 असं धरलं, तर आई आणि बाबा यांच्यासारख्या एकाच नात्याने मूल पाहणाऱ्या दोघांत मेळ सरासरी 0.60 निघाला. पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या ठिकाणी मूल पाहणाऱ्यांत 0.28. आणि मूल स्वतः व इतर मोठी माणसं यांच्यात 0.22. म्हणजे तुमच्या घरात जे झालं ते नेहमीचंच आहे. फॉर्म चुकीचे भरले म्हणून असं होत नाही. मूल घरी एक असतं, वर्गात दुसरं आणि स्वतःच्या आत तिसरं.

ढोबळमानाने माझा अनुभव असा की बाहेर दिसणारं वागणं, म्हणजे चुळबुळ, भांडणं, काम अर्धवट सोडणं, हे मोठ्यांना चांगलं टिपता येतं. वर्गशिक्षिकेला तर एकाच वयाची तीस-चाळीस मुलं रोज समोर दिसतात, तुलना तिच्या डोळ्यांत तयारच असते. पण आतलं दुःख, भीती, काळजी याबाबत तेरा वर्षांच्या मुलीच्या स्वतःच्या उत्तराला मी सर्वांत जास्त वजन देते. तिच्या पोटातला गोळा तिलाच कळतो.

म्हणून आता पोटगट पाहू. बाईंनी चंचलता व अवधान या गटात 10 पैकी 8 दिलेत. हा ‘जास्त’चा पट्टा, शाळेने त्यावरच शेरा मारला. तुमच्या मुलीने भावनिक त्रासाच्या गटात स्वतःला 10 पैकी 7 दिलेत. स्वतः भरलेल्या फॉर्मवर या गटात 7 हा ‘जास्त’ असतो. तिची एकूण बेरीज मात्र सीमेवरच राहिली, कारण वागणुकीच्या गटात तिला फक्त 1 आहे. बेरजेने हे झाकलं गेलं. मी म्हटलं ना, दुसरा एक आकडा महत्त्वाचा वाटतोय, तो हा. आणि तुमच्या फॉर्मवर याच गटात 2 आहेत. म्हणजे तिला जे वाटतंय ते घरी दिसत नाहीये. याचा अर्थ तुम्ही दुर्लक्ष केलं असा नाही. या वयाची मुलं आईला काळजी नको म्हणून किंवा प्रश्नांची सरबत्ती नको म्हणून बरंच काही आत ठेवतात, आणि ते त्यांना चांगलं जमतं.

बाईंच्या 8 गुणांकडे पुन्हा पाहा. या गटातल्या पाच विधानांपैकी दोन हालचालीबद्दल आहेत: एका जागी न बसणं आणि चुळबुळ. उरलेली तीन लक्ष भरकटणं, विचार करून कृती करणं आणि हातातलं काम पूर्ण करणं याबद्दल. गुण कुठे पडले ते विचारा, शाळेकडे मूळ कागद असतोच. रात्रभर झोप न लागलेली, डोक्यात काळजीचं चक्र फिरत असलेली मुलगीही वर्गात खिडकीबाहेर बघते, प्रश्न विचारला की दचकते, वही अर्धी सोडते, नखं कुरतडते. मागच्या बाकापर्यंत पोचलेल्या बाईंना ते ‘लक्ष नाही’ असंच दिसणार. दोन कागद एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटतं खरं, पण एकच गोष्ट एकीला आतून आणि दुसरीला बाहेरून दिसत असेल, ही शक्यता मी सर्वांत आधी तपासेन.

दुसरी शक्यता अर्थातच एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकाराची. ती मी नाकारत नाही. पण त्या निदानाच्या अटी कडक आहेत: काही लक्षणं तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत, ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी रोजचं जगणं अडायला हवं. म्हणून मी पालकांना नेहमी विचारते, दुसरी-तिसरीत काय शेरे यायचे? जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर काढा. ‘हुशार आहे पण धांदरट’, ‘वस्तू हरवते’, ‘बोलते फार’ असे शेरे वर्षानुवर्षं असतील तर एक गोष्ट. आणि मागच्या वर्षापर्यंत सगळं सुरळीत, या वर्षी अचानक घसरगुंडी, असं असेल तर मी एडीएचडीकडे संशयाने बघते आणि ‘या वर्षी काय बदललं?’ हे शोधते. इथे एक अपवाद सांगायला हवा. बुद्धीने तेज, स्वभावाने शांत मुलींमध्ये अवधानाची अडचण वर्षानुवर्षं झाकलेली राहते. घरून कुणीतरी दप्तर भरून देतं, अभ्यास घेतं, आणि मग विषय वाढले, शिक्षक वाढले की सगळं एकदम उघडं पडतं. त्यामुळे ‘आधी काही नव्हतं’ हे नीट खोदून विचारावं लागतं. आणखी एक, जाता जाता: वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचं निदान जास्त प्रमाणात मिळतं असं अनेक देशांत आढळलंय. तुमची मुलगी वर्गात वयाने लहान असेल तर ते तज्ज्ञांना आवर्जून सांगा.

आणि मनाकडे वळण्याआधी शरीर. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सुटतं. डोळे तपासलेत का? कानांचं काय? तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते; तिला किती मिळते, आणि फोन रात्री कुठे असतो? रक्तक्षय, थायरॉइड यांची साधी रक्ततपासणी होते. ती काही सेकंद एकदम ‘बंद’ पडते, हाक मारली तरी कळत नाही आणि मग जणू काहीच झालं नाही असं पुढे चालू करते, असं कधी दिसलंय का? अपस्माराचा एक प्रकार असा असतो आणि वर्गात तो दिवास्वप्नासारखा वाटतो. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असेल तर तीही याच रूपात समोर येते. आणि छळ: वर्गात, येता-जाता किंवा फोनवरच्या ग्रुपमध्ये. सवंगड्यांच्या गटात बाईंनी 4 आणि तिनेही 4 दिलेत, तुम्ही 2. मैत्रिणींमध्ये काही बिनसलंय का, हे मी नक्की विचारेन.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: एकूण बेरीज बाजूला ठेवा, गट बघा, मग गटातली विधानं बघा. त्याच्याही पुढे, या प्रश्नावलीला बऱ्याचदा मागच्या पानावर एक पुरवणी असते. त्रास किती दिवसांपासून आहे, मुलाला स्वतःला त्याचं किती वाईट वाटतं, घर-मैत्री-अभ्यास-छंद यांत तो किती आड येतो, असे प्रश्न तिथे असतात. ती भरली होती का, विचारा. तज्ज्ञाकडे जायचं की नाही हे ठरवताना मी लक्षणांच्या आकड्यापेक्षा या पानाला जास्त महत्त्व देते. खूप चुळबुळ करणारं पण मजेत असलेलं, मित्र असलेलं, शिकत असलेलं मूल मला थांबून बघता येतं. मोजकीच लक्षणं असलेलं पण शाळेच्या नावाने रोज सकाळी पोट दुखणारं मूल असेल तर थांबता येत नाही.

आता घरी काय करायचं. त्याआधी एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत: तिने भरलेला फॉर्म तुम्ही पाहिलाय, हे तिला माहीत आहे का? फॉर्म भरून घेताना मुलांना ‘हे कुणाला दाखवणार नाही’ असं सांगितलं असेल आणि मग आकडे घरी पोचले असतील, तर तिच्या दृष्टीने हा विश्वासघात आहे. तिथे तुम्ही ‘तू असं का लिहिलंस?’ म्हणून सुरुवात केलीत तर पुढच्या वेळी ती सगळीकडे ‘खरं नाही’ वर खूण करेल आणि आपल्या हातातला एकमेव धागा तुटेल. आधी शाळेला विचारा मुलांना काय सांगितलं होतं. मग तिला सरळ सांगा: ‘शाळेतून चाचणीचे आकडे आलेत. तुझ्या फॉर्मची बेरीज मलाही कळली. हे तुला आधी सांगायला हवं होतं. तू काय लिहिलंस ते मी विचारत नाही, पण तुझं सध्या कसं चाललंय ते तुझ्याकडून ऐकायचंय.’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्याला फार जड जातं. समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा भाजी निवडताना, चालताना, गाडीतून जाताना मुलं जास्त बोलतात, नजर भिडवावी लागत नाही म्हणून. ती ‘काही नाही’ म्हणाली तर ‘बरं, मी आहे’ एवढंच. दोन दिवसांनी पुन्हा, वेगळ्या वाटेने.

आणि एक प्रश्न मात्र स्पष्ट शब्दांत विचारायचा असतो. ‘कधी असं वाटतं का की जगूच नये, किंवा स्वतःला काही करून घ्यावं?’ पालक याला घाबरतात, विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरेल म्हणून. ही भीती तपासून पाहिली गेली आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांमध्ये तसे विचार वाढले नाहीत, आणि आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने त्रास होण्याऐवजी थोडा आराम पडल्याचं दिसलं. एसडीक्यूमध्ये हा प्रश्नच नाही, त्यामुळे तुमच्या कागदावर त्याचं उत्तर मिळणार नाही. तुम्हाला विचारवत नसेल तर समुपदेशक किंवा डॉक्टर विचारतील, पण कुणीतरी विचारायला हवं. भावनिक गटात 7 असलेल्या मुलीच्या बाबतीत मी हे पुढच्या भेटीवर टाकणार नाही.

उत्तर ‘हो’ आलं, किंवा हातावर-मांडीवर कापल्याच्या खुणा दिसल्या, जेवण तुटून वजन उतरायला लागलं, ती शाळेत जायलाच नकार देऊ लागली, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात असं म्हणाली, किंवा कुणी तिच्याशी लैंगिक किंवा शारीरिक दुर्वर्तन केल्याचं पुढे आलं, तर फॉर्म, आकडे, चर्चा सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे. जिवाच्या धोक्याची शंका असेल तर त्याच दिवशी, तिला एकटं न सोडता, आणि घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवून.

असं काही नसेल तर घाई नाही, पण स्वस्थही बसायचं नाही. नुसता बाईंचा आकडा वर असता, मुलगी स्वतः ठीक आहे म्हणत असती आणि रोजचं काही अडत नसतं, तर मी चार-सहा आठवडे थांबून प्रश्नावली पुन्हा भरा म्हटलं असतं. दुसऱ्यांदा भरल्यावर आकडे बऱ्याचदा आपोआप खाली येतात. पहिली वेळ परीक्षेच्या किंवा भांडणाच्या आठवड्यात गाठली गेलेली असू शकते, आणि वर गेलेला आकडा पुढच्या वेळी सहसा मधल्या पातळीकडे सरकतो. तुमच्या बाबतीत मात्र दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन खुणा आल्या आहेत आणि त्यातली एक मुलीच्या स्वतःच्या हातची आहे. मी थांबणार नाही. येत्या दोन-तीन आठवड्यांत शाळेच्या समुपदेशकांची भेट घ्या. ते नसतील तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही आवाक्यात नसतील तर सुरुवात तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. शरीराच्या तपासण्या तिथेच उरकतील.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. या वयात मूड बदलतात, दार लावून बसणं होतं, उलट उत्तरं मिळतात. पण वयाचा परिणाम असेल तर मूल मैत्रिणींत खुलतं, आवडीच्या गोष्टीत रमतं, रुसवा तासाभरात किंवा दुसऱ्या दिवशी ओसरतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज चिडचिड किंवा उदासी, आवडायचं ते आवडेनासं होणं, मैत्रिणी टाळणं, झोप-भूक बिघडणं हे ‘वय’ म्हणून सोडून देऊ नये. या वयातलं नैराश्य नुसतं रडण्यातून नाही, चिडण्यातूनही दिसतं. आपण त्याला उद्धटपणा म्हणतो आणि ओरडतो. बाबांना वाद घालून पटवत बसू नका. त्यांनाही एक कोरा फॉर्म द्या, तुमचा न बघता भरायला. त्यांचे आकडे तुमच्यापेक्षा वेगळे आले तर बोलायला विषय मिळेल, सारखे आले तरी मिळेल.

शिक्क्याबद्दल. स्क्रीनिंगचा आकडा म्हणजे निदान नव्हे, आणि तज्ज्ञाकडे गेलं म्हणजे निदान होतंच असंही नाही. माझ्याकडे येणारी कित्येक मुलं कुठलंही नाव न चिकटता, दोन-चार भेटींत, झोपेची घडी बसवून आणि शाळेत एखादा बदल करून परत जातात. निदान झालंच तर त्याचा उपयोग योग्य उपचार आणि शाळेकडून सवलत मिळवण्यासाठी. ते कुणाला सांगायचं हे तुम्ही आणि मुलगी ठरवणार. खरा शिक्का बसतो तो गावगप्पांतून. म्हणून शाळेला लेखी विचारा की हे फॉर्म कुठे ठेवलेत, कोण बघू शकतं आणि किती काळ राहणार. वर्गात तिच्याबद्दल यावरून काही बोललं जाऊ नये, हेही स्पष्ट सांगा. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर यातलं अक्षरही नको.

पहिल्या भेटीत काय होतं हे माहीत असलं की भीती कमी होते. मी आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगते: मुलगी मला एकटीला जे सांगेल ते मी तुम्हाला सांगणार नाही, पण तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तिच्यावर अत्याचार करत असेल तर सांगावंच लागेल. हा नियम तिच्यासमोरच ठरतो. मग पालकांकडून जन्मापासूनची कहाणी, मग तिच्याशी एकटीशी. गरज वाटली तर एकेका विषयाची वेगळी प्रश्नावली, उदाहरणार्थ चिंतेसाठी 41 प्रश्नांची स्केअर्ड, नैराश्यासाठी किशोरवयीनांकरता बदल केलेली नऊ प्रश्नांची पीएचक्यू. याही चाळण्याच आहेत, निदान बोलण्यातूनच होतं. बाईंशी फोनवर बोलायला मी परवानगी मागते, कारण कुठल्या तासाला लक्ष नसतं हे विचारलं की बरंच उलगडतं. सगळ्याच तासांना, की एकाच? मधल्या सुट्टीनंतरच, की सकाळीच? पहिल्याच भेटीत कुणी वीस मिनिटांत एडीएचडीचं औषध लिहून दिलं, जुना इतिहास न विचारता आणि मुलीशी एकटीशी न बोलता, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

जाताना शाळेचा एका ओळीचा शेरा नको, तिन्ही मूळ फॉर्म न्या. सोबत मागच्या तीन-चार वर्षांची प्रगतिपुस्तकं, या वर्षाच्या एक-दोन विषयांच्या वह्या, आणि आठवडाभराच्या झोपेची साधी नोंद: किती वाजता आडवी झाली, अंदाजे किती वाजता झोपली, कधी उठली. नोंद तिलाच करू द्या. कुठे आणि कशासाठी चाललोय हे निदान दोन दिवस आधी खरं खरं सांगा, ‘डोळे दाखवायला’ असं सांगून नेऊ नका. आत जाताना ती म्हणाली की आई, तू बाहेर थांब, तर बाहेर थांबा.